दत्तूची कुबडी

कोरेगाव, गुरुवार, माघ, सन १९४६

आज दत्तूची कुबडी झाली. आनंद व्हायला हवा होता, झाला नाही. हा माझा धाकटा भाऊ लढाईवरून एक पाय गमावून आला, तेव्हा रडूही आलं नव्हतं. माझं काय झालंय कोण जाणे.

कुबडीची लोखंडी नळी नुसती वाकवली तर चेपते. म्हणून आत वाळू ठासायची, दोन्ही तोंडांना लाकडी बुचं मारायची आणि वाकवायची तेवढीच जागा भट्टीत लाल करायची. वाळू मात्र कोरडी हवी. ओल राहिली तर आत वाफ कोंडते आणि बूच गोळीसारखं उडतं. इथं तर नुसतं भांडं पडलं तरी दत्तू भुईवर पालथा होतो.

बायकोला, सरूला, चुलीवर वाळू भाजायला सांगितली. तिनं छान भाजली आणि तापली का बघायला वर पाण्याचा हबका मारला. भाकरीचा हात तो. मला रागही आला नाही.

"आवं, तवाच वाटला मला," ती म्हणाली.

वाळू पुन्हा भाजली. वर पितळी झाकण धरलं, त्याला दव धरलं नाही, मगच भरली. नळी मुकाट वळली.

दिवेलागणीला दत्तू अंगणात चालला. थोडी वाळू आत राहिलीय, पाऊल टाकलं की सरसरते. खालचं बूच काढून झटकतो म्हटलं, तर म्हणाला, "राहू दे, दादा. एवढा आवाज सोसतोय मला."