पाचवं पातं

१ ऑक्टोबर २०२५, खंडेनवमी

यंदा मशीनची पूजा माझ्या हातून! बाळाजीसाहेब म्हणाले, "योगिनी मॅडम, टेस्टिंग तुमचं, मान तुमचा." टेस्टिंगच्या टेबलाला झेंडूची माळ, हळदकुंकू. त्याच्याच लोखंडी कडेवर नारळ फोडला — एका फटक्यात! पाणी सगळीकडे उडालं. हेल्पर सोमनाथनं फडक्यानं पुसलं. अंबडच्या या एवढ्याशा वर्कशॉपमध्ये मी एकटीच बाई. फार बरं वाटलं.

९ ऑक्टोबर

दसऱ्यानंतर चार पाती दुरुस्त होऊन टेबलावर आली. बोटभर असतं हे पातं, विमानाच्या नाकाशी बसतं. वारा येईल तसं फिरतं आणि नाक वाऱ्याच्या मानानं किती उचललंय ते सांगतं. फार उचललं की पंख विमान पेलत नाहीत, खालीच! मी टेबल ठरलेल्या कोनात फिरवते, पातं तोच कोन दाखवतं का बघते.

चारही दीड अंशानं चुकत होती. स्क्रू फिरवून जुळवली. सही केली, विमान कंपनीकडे गेली.

१३ ऑक्टोबर

पाचवं नवंकोरं, सीलबंद. याला स्क्रू नाही. हेही दीड अंश चुकतंय! सही केली नाही.

१४ ऑक्टोबर

साहेब — "दिवाळीच्या आत माल जायलाच हवा. बनवणाऱ्या कंपनीचं सील आहे, तुम्ही कोण चूक काढणार?"

सोमनाथ आज डबा घेऊन दुसरीकडे बसला. घरी मनोजचं तेच, "अगं, सही कर आणि मोकळी हो! नवऱ्याचं कधी ऐकतच नाहीस."

सही केली तर विमानातल्या माणसांचा जीव. नाही केली तर मी घरी. कुठून बाहेर पडू? रडू येतं आणि रागही. पण माझंच बरोबर आहे.

१६ ऑक्टोबर

भांडून पातं पुण्याच्या लॅबला पाठवायला लावलं. साहेब आता मॅडम म्हणत नाहीत.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

वर्कशॉपमधून कुणाचा साधा मेसेजही नाही.

२७ ऑक्टोबर

लॅबचा निकाल आला. पाचवं पातं अगदी बरोबर! साहेबांनी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखवला. सोमनाथ हसला. धरणी दुभंगली असती तर बरं झालं असतं.

२८ ऑक्टोबर

टेबलाचं झाकण उघडलं. फिरत्या दांड्याला तपकिरी, चिकट थर. वास घेतला — नारळाचं पाणी.

चूक टेबलाचीच, तेच दीड अंश चुकीचं फिरत होतं. विमान कंपनीला फोन लावून बसलेय, उचलत नाहीत. ती चार पातीही बरोबर होती — मी स्क्रू फिरवेपर्यंत.