मुआयन्याआधी भरलेला पाया

औरंगाबाद

तीर्थरूप बद्रीनाथदादांना धाकट्या कचरूचा नमस्कार, पण रागानं.

मी इथं बरा आहे. जेवण बराबर होऊन राह्यलं.

शाळेचा ठेका घेतला तवाच तुम्हाला समजावून आल्तो. 'मुआयना' म्हंजी साहेबानं उघडा पाया डोळ्यानं पाह्यल्याबिगर दगड भरायचा न्हाई. अन् तुम्ही जोशीबुवाचा मुहूर्त गाठून पाया भरून मोकळे झाले! मुहूर्त आपल्याला लागतो दादा, सरकारला न्हाई. आज साहेब कचेरीत सगळ्यांदेखत म्हणला, "पूरा खोद डालो."

आईचे गुडघे कसे हायेत? तिला आधी जांबच्या देवळात दर्शनाला धाडा, मंगच पाया उकरा. भरताना तिनं हौसेनं ठेवलेला चांदीचा नाग तुम्हीच हातानं काढा. त्याला टिकाव लागला तर मला तोंड दाखवू नका.

तुमचाच,
कचरू