मशालजीचं पुढं काय झालं?

पुसद,
ता. १९ जानेवारी १९५८

श्री

चि. सौ. विमल हिस दादाचे अ. आ. विशेष.

तुझं पत्र पोचलं. तिळगूळही पोचला, मुंग्यांनी आपला वाटा आर्णीच्या टपालकचेरीतच काढून घेतलेला दिसतो.

मी धाडलेली फाटक्या मुखपृष्ठाची जुनी कादंबरी तू दुपारी ओसरीवर वाचतेस आणि तिखट कांडणारी तुमची बिजलीबाई मुसळ थांबवून ऐकते, हे वाचून संतोष झाला. माझ्या संस्कृतच्या वर्गात चाळीस मुलं आहेत, माझ्यासाठी कुणी जांभईसुद्धा थांबवत नाही.

पण काय ही तिची आवड! सरदाराच्या घरातल्या नोकरांची चारशे पानांची कथा, त्यात नायक आहे, नायिका आहे, आणि हिला हवा पाचव्या प्रकरणातला मशालजी. पळून गेलेल्या दासीचे तळवे भाज म्हणून सरदार हुकूम करतो, आणि तो एकच वाक्य बोलून मशाल घंगाळात विझवतो आणि अंधारात उभा राहतो. सगळं मिळून दीड पान. त्याचं पुढं काय झालं म्हणून ती रोज विचारते म्हणतेस. विमल, लेखक त्याला विसरला. दुसरा भागबिग काही नाही.

मात्र माझा पिंड संस्कृत नाटकांवर पोसलेला. शेवटी सगळ्यांचं कल्याण झाल्याशिवाय मला उठवत नाही. तेव्हा दुसरा भाग मीच रचला आहे, सोबत चार ताव. छापील पुस्तकातून उतरून घेतल्यासारखं वाच, माझं नाव सांगू नकोस. मशालजी न्यायाधीशापुढं घडलं ते सांगतो, सरदाराची मान खाली जाते, आणि मशालजी देवळाच्या दीपमाळेचा मानकरी होऊन सुखानं नांदतो. त्याच्या केसालाही धक्का लागत नाही. रंगमंचावर मरण दाखवायचं नाही असं आमचं शास्त्रच आहे.

बापूसाहेबांचा राग कसा आहे? मागच्या खेपेला वरण खारट झालं म्हणून तुझ्या यजमानांनी वाटी भिंतीवर फोडली होती. भिंतीचा अपराध मला अजून कळलेला नाही.

मुलींना आशीर्वाद. लोभ आहे तसा राहू दे, मुंग्या लागू देऊ नकोस.

दादा

---

ता. ६ फेब्रुवारी १९५८

श्री

ती. दादास विमलचा सा. न. वि. वि.

तुझा दुसरा भाग सोमवारी वाचून दाखवला होता. बिजलीबाईनं शेवटपर्यंत ऐकला आणि मुसळ उचलताना म्हणाली, बरं झालं बाई, मानूस जिता राह्यला. त्यानंतरच्या गुरुवारचं आज लिहिते आहे.

हिरासिंग आमचा सालदार, बिजलीबाईच्याच तांड्यावरचा. गाडीचा आख तडकलाय, आज कापूस नेऊ नये, असं त्यानं सकाळीच सांगितलं होतं. यांनी ऐकलं नाही. नाल्यात गाडी उलटली, बैलाचा पाय मोडला. हिरासिंग पळून गेला नाही, सांगायला आपणहून परत आला. यांनी त्याला गोठ्याच्या खांबाला बांधलं, दारातल्या दुसऱ्या गाडीच्या कडेचा लाकडी दांडा, उभारी, उपसली आणि मारत सुटले. दादा, हाड मोडतं तेव्हा भुईमुगाची शेंग फोडल्यासारखा आवाज होतो. त्याचा कान फाटून लोंबत होता, एक डोळा रक्तात दिसेनासा झाला होता, तरी तो आख, आख एवढंच म्हणत राहिला. मग यांनी बिजलीबाईला हाक मारली. उखळातलं तिखट आण आणि याच्या जखमांत भर म्हणाले.

ती परात भरून निघाली. खांबापर्यंत गेलीच नाही. वाटेत बैलांच्या पाण्याची दगडी डोणी आहे, तिच्यात तिनं परात पालथी केली. पाणी लालभडक झालं. मालक, तिखट भाजीले असते, एवढंच बोलली आणि रिकामी परात छातीशी धरून उभी राहिली. पहिला घाव परातीवर बसला, दुसरा मनगटावर. हाड कातडीतून बाहेर आलं. बैल दोन दिवस त्या डोणीला तोंड लावत नव्हते.

हिरासिंग शुक्रवारी सकाळी गेला. बैलानं शिंग खुपसलं असं यांनी सांगितलं, कागदावरही तेच उतरलं. त्याच्या बायकोनं, मानीबाईनं, यवतमाळला अर्ज केला आहे. वीस तारखेला चौकशी आहे. दुसरा सालदार फुलसिंग म्हणतो, मी वावरात होतो, मले काय मालूम. बिजलीबाई एकटीच म्हणते की मी जाईन आन् सांगीन. कायले भेऊ म्हणते, मशालजीनं सांगतलं तर त्याले काय झालं?

तिला वाटतं आपल्याही केसाला धक्का लागायचा नाही. इकडून तिला निरोप गेला आहे, की तांड्यावरची घरं गवताची आहेत हे विसरू नकोस. दादा, तिला काय सांगू?

मी कुठं होते ते तू विचारशीलच. स्वयंपाकघराच्या दाराआड. फटीतून सगळं दिसतं.

लोभ असावा असं लिहायलाही आज लाज वाटते.

विमल

---

पुसद,
ता. १० फेब्रुवारी १९५८

श्री

चि. सौ. विमल हिस अ. आ.

आज गंमत सुचत नाही. सुचली असती तर मी माझ्याच थोबाडीत मारली असती.

तिला ताबडतोब खरं सांग. दुसरा भाग माझा. चार ताव, एक रविवार आणि शेजारी चिवड्याची ताटली, एवढ्यात मी मशालजीला सुखी करून टाकला, कारण जड जेवण आणि दुःखी शेवट मला सोसत नाहीत. शास्त्रानं मरण रंगमंचावर वर्ज्य केलं आहे, गोठ्यात नाही, हे कळायला मला बावन्न वर्षं लागली. लेखक मशालजीला विसरला असं मी लिहिलं होतं. आता तसं वाटत नाही. त्याचं काय झालं असेल ते त्याला ठाऊक असावं आणि लिहायचा धीर झाला नसावा.

ती गप्प राहिली तर तिला कुणी नावं ठेवणार नाही, हेही सांग. आणि तू दाराआड होतीस हे कुणाजवळ बोलू नकोस. मुलींची लग्नं व्हायची आहेत. हे लिहिताना लेखणी दोनदा खाली ठेवली, तरी लिहितो आहे, कारण तू माझी बहीण आहेस.

एकोणीसला मोटारीनं यवतमाळला येतो. बिजलीबाई आलीच, तर तिच्या शेजारी मी बसेन. दुसरं काय करता येण्यासारखं आहे?

आशीर्वाद आहेत, त्यांचा उपयोग किती, ते तूच ठरव.

दादा

---

ता. १७ फेब्रुवारी १९५८

श्री

ती. दादास विमलचा सा. न. वि. वि.

तिला सांगितलं. हात फळीला बांधून ती तांड्यावर बसली होती. ऐकून हसली. म्हणाली, मले मालूम होतं बाई. पयल्या पुस्तकात मशालजी एक गोष्ट बोलते आन् चूप होते. तुमच्या दुसऱ्यात तो दोन दोन पानं बोलून राह्यला. नोकर मानूस मालकापुढं इतकं कधी बोलते काय? तुझ्या विद्वत्तेला इतकं नेमकं कुणी पकडलं नसेल, दादा.

मग तिनं विचारलं, त्यानं मशाल इझवली ते तरी खऱ्या पुस्तकातलं का तेही तुमच्या भावाचं? खऱ्या पुस्तकातलं, मी म्हटलं. मंग झालं, मले तेवढंच पायजे होतं, म्हणाली. मी जाळपोळीची भीती घातली. तर म्हणाली, आमचा तांडा किती डाव उठला आन् किती डाव बसला, तुम्ही मोजू नोका.

निघताना तिनं हळूच विचारलं, बाई, त्या सरदाराची बायको कुठं होती?

घरी येऊन पाचवं प्रकरण काढलं. तिच्यावर एकच वाक्य आहे. बाईसाहेब पडद्याआड उभ्या होत्या. दादा, वाचून दाखवताना तेवढं वाक्य मी गाळलं होतं. तेव्हा माझं मलाच कळलं नव्हतं, का गाळलं ते.

काल रात्री यांना सांगितलं, की वीस तारखेला मीही जबाब देणार. उभारी ओसरीतच उभी होती. डावा डोळा मिटला आहे, म्हणून ओळी वाकड्या जाताहेत. दोन बरगड्या दुखतात. श्वास बेतानं घेतला की चालतं.

हे पत्र मुलींच्या हाती देते आहे. तू वाचशील तेव्हा त्या तुझ्या ओसरीवर असतील. त्यांना आधी जेवू घाल, मग विचार काय ते. बिजलीबाई आणि मी वीसच्या पहाटे आर्णीपर्यंत चालत जाऊ, तिथून मोटारीनं यवतमाळ.

पुढं काय होईल ते तू लिहून धाडू नकोस. येऊन बघ. आणि लोभ असेल तर माझी एवढी एक गोष्ट ऐक: मला बघून माझ्याकडे धावशील, तसं करू नकोस. ठरवलं आहेस तसा तिच्याच शेजारी बस.

तुझी
विमल