कव्हरवर दाजींचं नाव

१२ फेब्रुवारी

चि. धाकट्यास अनेक उत्तम आशीर्वाद,

फोन असताना ताईला पत्र कुठून सुचलं म्हणून हसशील. फोनवर बोलले की हे शेजारच्या खोलीतून ऐकतात, आणि ड्रमवाल्याचे कान तुला माहीत आहेत.

तुझी नवी रेकॉर्ड पुढच्या महिन्यात होणार, असं पियानोवाल्यांच्या बायकोकडून कळलं. तुझ्याकडून नाही. ह्यांना झटका येऊन चौदा महिने झाले. पाय सावरला. उजवा हात चालतो, पण जरा विचार करून चालतो. रोज सकाळी टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर ड्रम वाजवायचे तारेचे ब्रश फिरवत बसतात. कागद फाटला की दुसरा घेतात. परवाचा अंक मी वाचायच्या आधीच कामी आला.

सव्वीस वर्षं हे तुझ्या जॅझच्या चौकडीत आहेत. आई तिला चांडाळचौकडी म्हणायची, ते काही खोटं नव्हतं. मी तुझ्या बॅंडमध्ये कधी नाक खुपसलं नाही. आज खुपसते. ह्यांना घे. एकदाच. पुढे कधी नाही म्हणालास तर चकार शब्द काढणार नाही.

जेवणाच्या वेळा सांभाळ. माया आहेच, ती तुझ्याकडूनही वाढू दे.

तुझी ताई

२० मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

दाजी सुखरूप पोचले असतील. दोन दिवस ते स्टुडिओत होते आणि आमची चौकडी पुन्हा चौकडी झाली. आम्ही अजून जुन्याच पद्धतीने, चौघं एका खोलीत समोरासमोर बसून वाजवतो. मध्ये काचा नाहीत, कानांवर हेडफोन नाहीत. एकाचं चुकलं की चौघांनी पहिल्यापासून. दाजींनी मला दोनदा झापलं, की सॅक्सोफोन फुंकतोयस की चूल.

आठही रचना झाल्या. मी आणखी चार दिवस इथेच आहे, किरकोळ काम उरलं आहे. दाजींना म्हणावं, आता विश्रांती घ्या.

लोभ आहे तसाच ठेव.

तुझा धाकटा

९ जून

चि. धाकट्यास आशीर्वाद,

रेकॉर्ड पोचली. कव्हरवर ह्यांचं नाव तुझ्या खालोखाल. मी हुरळून गेले आणि रविवारी दुपारी वरच्या मजल्यावरचे मास्तर, माझी नणंद, तिचा नवरा, ह्यांच्या हाताला व्यायाम द्यायला येणाऱ्या बाई, सगळ्यांना ऐकायला बोलावलं. खुर्च्या कमी पडल्या.

पहिली रचना सुरू झाली आणि लगेच ह्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आनंदाने. मास्तर म्हणाले, हात विशीतल्यासारखा चालतोय. नणंदेने डोळे पुसले. बाईंनी तर ह्यांचा उजवा हात धरून सगळ्यांना दाखवला. हे सगळ्यांचे आभार मानत राहिले, रेकॉर्ड संपेपर्यंत.

लोक गेल्यावर मला म्हणाले, जो कोणी आहे तो चांगला वाजवतो, नाव विचार. मला काही कळेना. मग म्हणाले, ड्रमच्या झांजेवर एवढा हलका हात माझा धडधाकट असतानाही नव्हता.

मी भांडले त्यांच्याशी. म्हटलं, आजारपणानंतर तुम्ही विसरता, माझा भाऊ असं करायचा नाही. अरे, तुझी बाजू घेऊन मी माझ्या नवऱ्याला विसराळू ठरवलं. आता तूच सांग, ते चुकले का? उलट टपाली लिही.

तुझी ताई

१५ जून

ती. ताईस शिरसाष्टांग नमस्कार,

दाजी चुकले नाहीत.

स्टुडिओत ते मागे पडत होते. थोडेसेच, पण प्रत्येक रचनेत, आणि आम्ही तिघं त्यांच्यासाठी थांबत होतो. ते थांबणं रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येत होतं. त्यांना गाडीत बसवून दिल्यावर आम्ही शाळेत संगीत शिकवणाऱ्या एका बाईंना बोलावलं आणि आठही रचना पुन्हा वाजवल्या. कव्हरवर मात्र दाजींचंच नाव राहू दे, अशी मी त्यांना गळ घातली. त्या मोठ्या मनाने हो म्हणाल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची, अशी मी स्वतःची समजूत घातली.

खरं सांगू? मला त्यांच्या तोंडावर बोलायचा धीर नव्हता. मला पहिल्यांदा स्टेजवर उभं केलं ते दाजींनी. त्यांना मी कोणत्या तोंडाने खाली उतरा म्हणू? मी येऊन त्यांचे पाय धरू का?

तुझा लोभ मागायला जीभ रेटत नाही, तरी मागतो.

तुझा धाकटा

२४ जून

चि. धाकट्यास आशीर्वाद,

एवढ्यात येऊ नकोस. माझा राग अजून गेलेला नाही. हे मात्र रागावलेले नाहीत, आणि त्याचाच मला जास्त त्रास होतो. दोन गोष्टी लिहायला सांगितल्या आहेत.

एक, कव्हर पुन्हा छापून घे आणि त्यावर त्या बाईंचं नाव घाल. दुसऱ्याच्या वाजवण्यावर त्यांनी जन्मात कधी शाबासकी घेतली नव्हती. त्या रविवारी घ्यावी लागली, ते त्यांना फार लागलं आहे.

दुसरं, मार्चमधलं त्यांचं रेकॉर्डिंग पाठव. जसं असेल तसं. तुझं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, तिघं माझ्यासाठी थांबले होते, ते मला ऐकायचंय.

मलाही ऐकायचं आहे रे.

तुझी ताई

३० जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

नाव बदलायला सांगितलं. नवी कव्हरं छापून होतील.

दुसरं मला जमणार नाही. ते रेकॉर्डिंग उरलेलं नाही. उद्या कुणाच्या हाती लागून दाजींना कुणी हसू नये, म्हणून मी ते पुसायला लावलं. इंजिनिअरने दोनदा विचारलं, नक्की का. मी दोन्ही वेळा हो म्हणालो. प्रतही ठेवली नाही. दाजींचं शेवटचं वाजवणं होतं ते, ताई. मी माझ्या हाताने घालवलं.



धाकटा

८ जुलै

चि. धाकट्यास आशीर्वाद,

तुझं हे पत्र मी ह्यांना दाखवलं नाही. सांगितलं, की रेकॉर्डिंग शोधताहेत, वेळ लागेल. तुला धीर झाला नाही म्हणून मी तुला मनातल्या मनात काय काय बोलले, आणि माझी वेळ आली तेव्हा मीही तेच केलं.

आता हे रोज अकराला कोट घालून फाटकाशी जाऊन उभे राहतात. काल पोस्टमनने चौकशी केली, तर त्याला म्हणाले, माझं रेकॉर्डिंग यायचं आहे. मी खिडकीतून ऐकलं आणि तशीच आत वळले. उद्या सांगू, उद्या सांगू करत चार-पाच दिवस गेले. माझ्याच्याने होत नाही.

मागे येऊ नकोस म्हटलं होतं, ते विसर. लोभ आहे रे, इतकं होऊनही आहे, त्याला मी काय करू? तू ये. सकाळच्या गाडीने ये, आणि आल्यावर आधी माझ्याकडे येऊ नकोस. फाटकाशीच थांब. ते तिथे असतील.

तुझी ताई