लाल गाडीतलं पाणी

आनंदा,

मी गव्हाणला आत्याकडे निघालोय, उद्या येईन. तुला उठवलं असतं, तर तू मलाही महाडला चल म्हणाला असतास.

गाडी तपासून ठेवलीय. आधीच्या मालकाने, त्या साहेबाने, शर्यतीच्या हौसेने घेतली होती तेव्हाची गोष्ट वेगळी, आता ती म्हातारी झालीय आणि वाटेत कुठेतरी अडणारच. डिकीत पाना, जॅक, पंप, दोन प्लग आणि पंख्याचा जादा पट्टा आहे. जॅकखाली घालायची फळी सीटमागे सापडेल. पळस्प्याला गोव्याच्या रस्त्याला लागलास की जरा दमाने घे.

पत्र्याच्या डब्यातलं पाणी रेडिएटरचं. फिरकीच्या तांब्यातलं मालूचं. इंजिन कितीही तापू दे, तांब्याला हात लावायचा नाही. गेल्या खेपेला तहानेने जीव कासावीस झाला म्हणून ती डब्यातलं पाणी प्यायली, तर भर रस्त्यात चार लोकांसमोर तू तिच्यावर खेकसलास. गाव हाकेच्या अंतरावर होतं, पण डबा घेऊन पाणी मागायला तुझे पाय निघाले नाहीत. तिचे मात्र दुसऱ्या दिवशी माहेरी निघाले.

व्याह्यांशी मी बोलावं असं तू काल तीनदा म्हणालास. चूक तुझी आहे, तूच बोल, आणि आधी मालूशी बोल.

शिवाय मी आलो, तर येताना तिला कुठे बसवणार होतास? या गाडीत जागा दोनच आहेत.

— बाबा