भूगोल शिकायला गेलेली दोघं

आत्या, लग्नाआधी मी तुला अगं-तुगं करायचे. तू माझ्या वडिलांची बहीण. मग तुझ्याच लेकाशी माझं लग्न लागलं आणि एका दिवसात तू माझी 'तुम्ही' झालीस, ते तू जाईपर्यंत तशीच राहिलीस. आता तुला जाऊनही कितीतरी वर्षं झाली आणि मीही शाळेतून निवृत्त झाले. म्हणून पुन्हा 'तू' म्हणते. रागावू नकोस.

पूर्णेच्या आपल्या रेल्वे क्वार्टरच्या दोन खोल्या आणि त्यात सात माणसं. तू शेगडीपुढे बसून भाकरी थापतेस, मी भिंतीला टेकून सहावीच्या वह्या तपासतेय. तू विचारतेस, "आज काय शिकवलंस पोरांना?" मी सांगते, वाळवंट, आणि नदीनं दगड कापून केलेल्या खोल दऱ्या. "तू बघितलंस का वाळवंट?" नाही. "दरी?" तीही नाही. तू भाकरी उलटलीस आणि म्हणालीस, "मंग ऐकीवच सांगायलीस की! आमी शाळा शिकलो न्हाई, पर न बघितलेलं कधी कुणाला छातीठोक सांगितलं न्हाई." मला ते लय लागलं. वह्या तशाच टाकून मी नळावर पाणी आणायला गेले आणि घागर भरून वाहायला लागली तरी तिथंच उभी राहिले.

त्याच वर्षी जानेवारीत विद्यापीठाचं नामांतर झालं होतं. सोळा वर्षं वाट बघितली, असं म्हणत तू गल्लीभर साखर वाटली होतीस. तो आनंद तुझ्या अंगातून वर्षभर उतरला नाही. नाहीतर दिवाळीची सुट्टी लागायच्या आधी तू जे केलंस ते कोणत्या सासूनं केलं असतं? तुझा लेक लोको शेडमध्ये फिटर. भंगारात निघालेली एक मॅटाडोर त्यानं दारात आणून ठेवली होती आणि सुट्टी मिळाली की तो तिच्याखाली झोपलेला असायचा. तू त्या गाडीला डबा म्हणायचीस. एका संध्याकाळी त्याचे पाय धरून तू त्याला गाडीखालून ओढलंस. "डबा चालतो ना आता? मंग हिला वाळवंट दाखवून आण." तुझे मालक, आमचे मामा, खाटेवर उठून बसले. "दोघंच? लोक काय म्हणतील?" तू म्हणालीस, "सांगा लोकांना, भूगोल शिकायला गेलेत." मग गाडीतल्या झोपायच्या फळीचं वितीनं माप घेऊन, तुझी दोन जुनी लुगडी वापरून तू बरोब्बर तेवढीच गोधडी शिवलीस.

तुझा लेक मुळात अबोल. घरातल्या गर्दीत आम्ही दिवसाउजेडी चार शब्द बोललो नसू. पण जालना मागे पडलं आणि तो जो बोलायला लागला, तो थांबेचना. इंजिनाबद्दल, शेडमधल्या माणसांबद्दल, लहानपणी तू त्याला फोकानं मारलंस त्याबद्दलसुद्धा. चौथ्या दिवशी कोट्याजवळ खडकाळ माळावरून चालत गेलो आणि पायाखालची जमीनच संपली. खाली, फार खाली, हिरवी चंबळ, आणि काठावर लाकडाच्या ओंडक्यांसारख्या मगरी पडलेल्या. मी जे पाच वर्षं फळ्यावर दोन रेघांत काढत होते, ते असं होतं! तुझा लेक कड्यावर उभा राहून ओरडला, "आयेऽऽ!" समोरच्या कड्यानं तीनदा तुला हाक मारली. तुला कुठं ऐकू आली असणार.

जैसलमेरच्या पलीकडे, वाळवंटातल्या अभयारण्यात, चाक रुतलं. जॅक लावताना तो निसटला आणि तुझ्या लेकाचा उजवा पंजा सुजून भाकरीएवढा झाला. चाक बाहेर निघालं, पण स्टेअरिंग धरणार कोण? मैलभर माणूस नव्हता.

"आता?" मी विचारलं.

"आता तू."

"अहो, मला सायकलबी येत नाही!"

"सायकल पडती. ही पडत न्हाई. बस."

चार वेळा गाडी आचके देऊन बंद पडली. पाचव्यांदा हलली. मी हसतेय, रडतेय, ओरडतेय, "चालायलीय! अहो, चालायलीय!" आणि तो शेजारून म्हणतोय, "माझ्याकडं नको, पुढं बघ." पुढे एक उंट बसला होता. तो काही उठला नाही, मीच वळसा घालून गेले. परतीला गावं आली की तो एका हातानं कशीबशी चालवायचा, मोकळा रस्ता आला की मी. पूर्णेच्या फाटकाजवळ आम्ही जागा बदलल्या. तू त्याचा हात बघितलास, मग माझ्याकडे बघितलंस आणि मामांदेखत काही विचारलं नाहीस.

दोन दिवसांनी मामा बाजारात गेल्यावर तू चपला घालून गाडीत पुढे येऊन बसलीस. "चल, नदीपर्यंत. दोघीच." पदर कमरेला खोचलेला, दोन्ही हात पुढच्या दांडीला. नदीचा उतार लागला तशी तू म्हणालीस, "हळू काय चालवायलीस? पळव की जरा!" आणि गाडी सुसाट खाली गेली. तू लहान पोरीसारखी खिदळत होतीस. तुला तसं हसताना मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. वाळूत गाडी थांबल्यावर तू डोळे पुसत विचारलंस, "भ्या न्हाई वाटत गं तुला?" मी म्हणाले, "अजिबात नाही." त्या दिवसापासून तू गल्लीत, लग्नांत, मामांपुढेसुद्धा सांगत राहिलीस, "आमची सून कशाला म्हणून भीत न्हाई." मी मान खाली घालून ऐकायचे. लोकांना तो विनय वाटायचा.

हे पत्र मी कपाटात ठेवणार आहे. पण एकदा लिहून टाकते. त्या उतारावर गाडी मी पळवली नव्हती, आत्या. घाबरून मला ब्रेकच सापडत नव्हता.