तिकडे कट नाही

चि. चिमणे,

लिहायला फार उशीर झाला, रागावू नकोस. जीव नुसता टांगणीला लागलाय. परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, मला बोलावणं आलंय ना, त्या नव्या श्रीमंत स्पर्धांत कट नसतो." मी घाबरून विचारलं, "गवतच कापत नाहीत? मग चेंडू घरंगळणार कसा?" केवढी हसलीस! माझा जन्म गोल्फच्या मैदानावर गवत कापण्यात गेला, मला दुसरा कट कुठला ठाऊक? मागे पडलेल्यांना अर्ध्यातूनच घरी पाठवतात तो कट, हे नंतर तुझ्या दादाने समजावलं. तिकडे कुणालाच घरी पाठवत नाहीत, वर पैसा रग्गड. घे बाई, सुखात राहा.

पण आज मॅनेजरसाहेब धावतच आले. यंदाची इकडची जुनी, मोठी स्पर्धा आपल्याच मैदानावर! मी कापलेल्या गवतावर माझी लेक खेळणार! मग आठवलं, तिकडच्या करारावर सही केलीस तर इकडच्या जुन्या स्पर्धांचे लोक तुला खेळू देणार नाहीत.

तुझी आई म्हणते, "पत्र टाकू नका हो, पोरीचा पाय अडकेल." खरं आहे, टाकणार नाही. तरी काय ठरवलंस ते लवकर कळव गं.

तुझे बाबा